गालावरचं मलम

त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. जळगावच्या औषधांच्या दुकानात तो माझ्या शेजारी उभा होता. भरघोस मिशा, लाल पागोटं आणि अख्खा बाजार ऐकेल असा आवाज.

"मनी पोरनं ढुंगण लंगोटमा लाल व्हयी गये. मलम द्या!"

माझ्या तान्ह्या लेकीचंही हेच दुखणं होतं. पण चारचौघांत असं कसं बोलायचं? म्हणून मी आधीच दुकानदाराच्या कानात कुजबुजलो होतो, "मलाच हवंय. अवघड जागी." त्याने गंभीरपणे एक डबी दिली होती.

त्या गृहस्थाने आपली डबी उघडली, नुकत्याच दाढी केलेल्या गालावर बोटभर मलम फासलं आणि बाकावर ऐटीत बसला.

"पोरीसाठी एवढा थाट?" दुकानदाराने टोमणा मारला.

"मनी पोर शे ती! मना गालले झोंबनं तं तिलेबी झोंबी." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भाऊ, तुम्हीबी लाई पहा."

मीही माझ्या डबीतलं ऐटीत गालावर फासलं आणि आग आग होऊन दुकानभर नाचलो. गजकर्णाचं जालीम मलम होतं ते!

"अहो, लेकीसाठी हवंय!" मी ओरडलो. "तिचं ढुंगण लाल झालंय!"

तो हसला नाही. आपल्या डबीतलं पांढरं मलम त्याने माझ्या दुसऱ्या गालावर लावलं आणि माझ्या तोंडाकडे बघत बसला. झोंबलं नाही. तसलीच डबी घेऊन मी निघालो.

वाटेत ओळखीचे मास्तर भेटले. "गालाला काय लागलंय?"

मी गाल पुसला नाही. "मला मुलगी झालीय!" अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं मी सांगितलं.