दगडावरचे गेलेले

कोपरीला आमच्या घरासमोरच्या बागेत एक दगडी खांब आहे, पहिल्या महायुद्धाच्या वेळचा. तेव्हा तिथे गाव होतं. पुढे गावाचं शहर झालं आणि खांबाभोवती बाग आली. मधल्या काळात कुणी त्याला चुना लावला, कुणी शेंदूर फासला, कुणी तिरंगी ऑइलपेंट दिला. अक्षरं केव्हाच बुजली.

माझे वडील फौजेतून निवृत्त झालेले. दर पंधरा ऑगस्टला ते मॉर्निंग वॉकच्या मंडळींना खांबासमोर उभं करून हुतात्म्यांसाठी मौन पाळायला लावत. गुडघेदुखीवालेही सावधानमध्ये. गेल्या वर्षी त्यांनी तारेचा ब्रश आणला आणि आम्ही दोघं खांब घासायला बसलो.

तिरंगा गेला, शेंदूर गेला, चुना गेला. दुपारपर्यंत ओळ वर आली: 'या गावातून महायुद्धास गेले'. खाली नावं.

"बघ, सगळे गेले," वडील हळू आवाजात म्हणाले.

बाकावर एक आगरी आजी बसल्या होत्या. त्यांच्याच भातशेतावर आमची सोसायटी उभी आहे. त्यांनी मला नावं वाचायला लावली आणि एका नावाशी थांबवलं. "ह्यो आमचा आजा. तो कुठं मेला? तिकडं इराकात बसऱ्याला गेलता, परत आयला. सगलेच आयले."

"पण इथे गेले असं लिहिलंय," वडील म्हणाले.

"गेलेच व्हते. गेल्याबिगर येनार कसे?"

इतकी वर्षं आम्ही धडधाकट परतलेल्यांना श्रद्धांजली वाहत होतो. मला हसू आवरेना. (यंदा मौन झालं नाही, नावं वाचून टाळ्या वाजवल्या. पण ते नंतरचं.)

"लढाईत काय करायचे ते?" वडिलांनी विचारलं.

"खेचरं हाकायचा. गोली कंदी झाडली नाय. घरी आला तं आमच्या आजीवर पन तसाच वरडायचा, म्हनून ती माहेरी जाऊन बसली."

वडील त्यांच्याशेजारी टेकले. आम्हाला कधीच न सांगितलेलं त्यांनी आजींना सांगून टाकलं. "मीही कधी गोळी झाडली नाही. स्टोअरला होतो. आयुष्यभर मोजे आणि ब्लँकेटं वाटली."

"मंग? लोकांचे पाय गारठले असते ना," आजी म्हणाल्या.

मग खेचरांना थंडीत काय पांघरतात यावर दोघं बोलत बसले. जेवायला बोलवायला आई खाली आली, तेव्हा वडिलांनी तिलाही कबुली दिली.

"मला लग्नानंतर आठवड्यातच कळलेलं," आई म्हणाली. "चादरींच्या एवढ्या काटेकोर घड्या लढणारा माणूस घालतो होय?"