जवायाच्या पसंतीचं होम थिएटर

आमच्या अमरावतीच्या घरी हॉलमध्ये पाच स्पीकर आहेत, कोपऱ्यात एक वूफर आहे, आणि यातलं काहीही मी मागितलेलं नाही. मला दोन पाहिजे होते. दोन चांगले स्पीकर, एक अ‍ॅम्प्लिफायर, समोर एक खुर्ची, बास. पैसे माझ्या निवृत्तीचे, कान माझे, आणि पसंती कोणाची, तर जवायाची. हे आठवलं की माझं डोकं फिरतं. फिरतं तर फिरू दे, आता या वयात मी कोणासाठी शांत राहू?

मी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होते. वलगाव, भातकुली, परतवाडा, सगळीकडचे ट्रंक कॉल माझ्या डाव्या कानातून गेले. लोकांची लग्नं, मयती, कापसाचे भाव, सगळं. पुढे यंत्रं आली आणि आम्हाला बिलाच्या खिडकीत बसवलं. गेल्या साली तो डावा कान बोलेनासा झाला, म्हणजे मलाच कोणी त्या बाजूनं बोललेलं कळेना. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, आतली नस झिजली आहे, उजव्या बाजूचीही सुरुवात आहे. आधी बारीक, वरचे आवाज जातील. मग मशीन लावू, मशीननं बोलणं कळेल, पण गाणं आधीसारखं ऐकू येणार नाही. मी विचारलं, किती दिवस आहेत? ते म्हणाले, ते सांगता येत नाही.

लग्नाआधी मी गाणं शिकत होते. लग्नानंतर ते सुटलं, कसं सुटलं ते बायांना सांगायची गरज नाही. ऐकणं मात्र सोडलं नाही. पण ऐकलं ते काय, तर रेडिओच्या खरखरीतून आणि आता मोबाईलच्या डबीतून. म्हणून मी ठरवलं, कान आहेत तोवर एकदा चांगल्या सिस्टिमवर ख्याल ऐकायचा. रोज ऐकायचा. जाईल तेव्हा जाईल, पण आधी पोटभर ऐकून घ्यायचं. एवढीच माझी इच्छा होती आणि ती मी डॉक्टरांच्या दारातच नवऱ्याला सांगितली.

तो म्हणाला, "घे ना, तुले कोन नाई म्हनलं? पन अकोल्याले कानाचं काही बोलू नको." अकोल्याला आमची एकुलती एक लेक दिली आहे, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. मी म्हटलं, काहून? तर म्हणे, "सोयऱ्यायले समजलं तं म्हनतील, मायचा बहिरेपना पोरीत उतरते. आमाले काहून नाई सांगतलं, असं विचारतील. तुले सोयरीक समजत नाई." पस्तीस वर्षं मला काहीच समजत नाही असं हा माणूस सांगतो आहे. तेव्हा मी गप्प राहिले, कारण मला भांडायचं नव्हतं, मला ऐकायचं होतं.

आपल्याकडे असलं सामान वाजवून दाखवणारं दुकान मला अकोल्यातच कळलं. मी लेकीकडे गेले. जवाई गाडी घेऊन सोबत आले, माणूस सालस आहे, त्यात वाद नाही. दुकानदारानं मला एका खोलीत नेलं, भिंतींना जाड पडदे होते, समोर दोन उंच स्पीकर आणि मध्ये खुर्ची. मी खुर्ची हळूच डावीकडे सरकवली, डाव्या कानाला जास्त मिळावं म्हणून. मग गाणं लागलं. तानपुरा दोन्हीकडे पसरला आणि गाणारी बाई बरोबर मध्ये येऊन बसली. समेवर यायच्या आधी तिनं श्वास घेतला तो मला ऐकू आला. मी तिथेच रडले. दुकानदाराला वाटलं एसीचा त्रास झाला, त्यानं पाणी आणवलं.

शेजारच्या खोलीत होम थिएटर होतं. दुकानदार म्हणाला, तेही बघून घ्या, घरातल्या सगळ्यांना आवडते. आम्ही बसलो, पडद्यावर गाड्या उडाल्या, मागून काचा फुटल्या. जवाई हसून म्हणाले, "हे बी भारी हाये, मामी." बास. जवाई माणूस समोरच्याचं मन राखायला जेवढं बोलतो तेवढं ते बोलले. मी दुकानदाराला दोन स्पीकरचं सांगून, किंमत ठरवून घरी आले आणि झालेलं सगळं नवऱ्याला सांगितलं. माझी हौस, ती खोली, तो श्वास. त्यानं त्यातून एकच ऐकलं, जवायांचं 'भारी'.

पुढे अधिक महिना होता. आपल्याकडे अधिकात जवायाला धोंडे खायला बोलावतात, अनारसे देतात, दिवा देतात, त्याला नारायण म्हणून पाटावर बसवतात. मला त्यात काही वावगं वाटत नाही, मीही हौसेनं डाळ भिजत घातली होती. पण नारायणाच्या तोंडून शब्द गेला आणि आपण तो पाडला, तर वर्षभर त्याचा सल राहतो, असं आमच्या घरच्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माझ्या दिरानंही मान हलवली. "जवायाले होम थिएटर आवडलं अन् तुमी दुसरंच आनता, बरं दिसत नाई." अरे, तुमच्या कोणाला विचारलं होतं का मी? माझ्या कानाची गोष्ट दिराला माहीत नव्हती, आणि ज्याला माहीत होती त्यानं ती सांगितली नाही.

मी चुलतबहिणीकडे मोझरीला मुक्कामी गेले होते. परत आले तर हॉलची भिंत फोडलेली, वायरी आत गेलेल्या, वर पांढरा गिलावा अजून ओला. पाच स्पीकर. नवरा म्हणाला, "दुकानदाराले फोन करून बदलून घेतलं. आता सगळे पाहतील, तुले गानंबी लागते त्याच्यावर." मी ओरडले. शेजारची बाई गॅलरीत आली इतकी ओरडले. म्हटलं, परत करा. म्हणे, भिंत फोडली, आता कसं परत होते? ठरवूनच फोडली होती ती, मला पक्कं माहीत आहे.

धोंड्याच्या दिवशी उन्हानं जीव घाबरा होत होता, कूलर भरभर करत होता. जवाई जेवून उठले, औक्षण झालं, आणि नवऱ्यानं रिमोट हातात घेतला. "तुमच्या पसंतीचं आनलं जवाईबापू," असं दोनदा म्हणाला. जवाई चकित झालेले मी दारातून पाहिलं. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "मामी, तुमी तं दुसरं पसंत केलं होतं ना?" नवरा मध्येच म्हणाला, "तिलेबी हेच आवडलं." आणि सिनेमा लावला.

मी आत आले. लेक मागं आली. मी ताटं आपटत होते, भांडी आपटायची मला सवय नाही, तिला ते कळलं. ती म्हणाली, "आई, एवढं काय झालं? एक मशीन तं हाये."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. एक मशीन? मी तिला सगळं सांगितलं. कान, नस, डॉक्टर, जितके दिवस आहेत तितके दिवस. म्हटलं, तुझ्या बापानं तोंड बंद करवलं माझं, तुझ्या सासरी कळू नये म्हणून. तुझ्यात उतरते म्हणतील म्हणे. असं असतं का कुठं? माझा कान खात्यातल्या त्या हेडफोननं खाल्ला, तुझा काय संबंध?

लेकीनं हातातली वाटी ओट्यावर ठेवली. बाहेर सिनेमात कुणीतरी कुणाला गोळ्या घालत होतं, स्वयंपाकघराची खिडकी थरथरत होती. मी म्हटलं, "काय झालं?"

"मले बी डाव्या कानानं कमी येते आई."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी उजवा कान तिच्याकडे केला. ती जवळ आली.

"कॉलेजात होतो तवापासून. बाबा मले नागपूरले घेऊन गेले होते, परीक्षेचं म्हनून. तिथल्या डॉक्टरनं सांगतलं, हे घरान्यात राहते. बाबा म्हनले, आईले सांगू नको, ते जिवाले लावून घेईल. अन् लगन ठरलं तवा म्हनले, तिकडंबी सांगू नको."

म्हणजे याला माहीत होतं. डॉक्टरांच्या दारात मला सोयरीक शिकवत होता तेव्हा माहीत होतं. माझा कान गेला तेव्हा लेकीचं काय होणार ते त्याला दिसलं असणार, आणि त्यानं काय केलं, तर दोघींची तोंडं वेगवेगळी बंद केली आणि भिंत फोडून पाच स्पीकर लावले. त्या घडीला मला त्याचा जितका राग आला तितका आयुष्यात कोणाचा आला नसेल. स्टिरिओ गेला खड्ड्यात. माझी पोर रोज नवऱ्याला उजव्या बाजूला ठेवून चालते का, रात्री अंधारात तो बोलला तर हो-हो करते का, हे मी तिला विचारलं. ती म्हणाली, "करतो."

मी म्हटलं, "जवाईबापूंना सांगायचं?"

तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "मीच सांगतो. तू संग राय."

आम्ही दोघी हॉलमध्ये गेलो. तिचा बाप सोफ्यावर मधोमध बसून होता, जवाई बाजूला. ती जवायांच्या समोर उभी राहिली आणि बोलली. पाची स्पीकरमधून गाडी आली, इमारत पडली. जवाई कानाला हात लावून म्हणाले, "काय म्हनली?" ती पुन्हा बोलली. तिच्या बापानं माझ्याकडे पाहिलं, त्याला समजलं होतं, आणि त्यानं रिमोटवर आवाज वाढवला.

मी भिंतीपाशी गेले आणि बटण बंद केलं.

"आता सांग," मी लेकीला म्हटलं.