कडब्याच्या गंजीमागचा वॉर्मअप

सासुरवाडीत जावयाने तीनच कामं करायची असतात: बसायचं, खायचं आणि वाढणाऱ्या हाताला 'नको, नको' म्हणायचं. मी चौथं करायला गेलो.

आमच्याकडे अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. म्हसावदजवळच्या माझ्या सासुरवाडीत त्यांच्या मागोमाग आम्ही जावईही पोचतो, आणि संध्याकाळी खळ्यात रस्सीखेच रंगते. एकीकडे घरचे मुलगे, दुसरीकडे जावई. मागच्या वर्षी पहिल्याच हिसक्याला माझ्या पोटरीत गोळा आला, मी आडवा झालो आणि माझ्या अंगावर सगळे साडू! तेव्हापासून मेव्हणा गोपाळ मला 'पोटरीवाले पाव्हणे' म्हणायचा. (घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा! तिथे माझी मुलगीही आहे.) यंदा काहीही करून हे नाव पुसायचंच, असं मी ठरवलं होतं.

"आधी आंग मोकयं करी ल्या," बायकोने बजावलं. "थंड्या आंगवर जोर लावतस, मंग रातभर कण्हतस!"

तिचं खरंच होतं. पण सासरी, सगळ्यांदेखत, जावयाने उड्या मारायच्या? मी गुपचूप कडब्याच्या गंजीमागे गेलो. जागच्या जागी धावलो. कमरेवर हात ठेवून डावीकडे वाकलो, उजवीकडे वाकलो. मग एक गुडघा पोटाशी घट्ट आवळून, डोळे मिटून, तोंडाने 'फू फू' करत श्वास सोडू लागलो.

डोळे उघडले तर समोर सासूबाई! म्हशीसाठी कडबा न्यायला आल्या होत्या.

"माय वं! जवाईबुवाना पोटमा वायगोया उठना!"

"नही हो आई, कसरत करी ऱ्हायनू!"

"लाजू नका! दुपारनी पुरणपोयीच बाधनी. मन्हा हातनी पुरणपोयी आजपर्यंत कोणलेच बाधनी नही हो!" आणि त्यांच्या डोळ्यांत चक्क पाणी आलं.

आता प्रश्न पुरणपोळीच्या अब्रूचा होता! सासूबाई ओव्यासाठी स्वयंपाकघरात धावल्या, हिंगासाठी शेजारी धावल्या, एरंडेलासाठी पार गावाच्या टोकाच्या दुकानापर्यंत धावल्या. इकडे गोपाळने भावाच्या मदतीने मला उचलून खळ्यातल्या खाटेवर टाकलं. सासऱ्यांनी स्वतः माझ्या बेंबीवर हिंग थापला. मी बायकोला साक्षीला बोलावलं, तर ती हसून हसून भिंतीला टेकलेली.

"मी बरा शे! माले दोर धरू द्या!" मी ओरडलो.

"झोपा," सासरे म्हणाले. मी झोपलो.

"एक गडी कमी शे! हरनात म्हना!" दोराशेजारी उभा राहून गोपाळ मिशीला पीळ देत होता.

तेवढ्यात सासूबाई घामाघूम होऊन परतल्या. एरंडेलाची बाटली माझ्या उशाशी ठेवली आणि पदर खोचला.

"मन्ही पोयी खाईसन जवाई आडा पडना. त्यानी जागा मी धरसू!"

"माय, तू आमनी का जवाईस्नी?" गोपाळ किंचाळला.

"आज जवाईस्नी!"

आता बघा, गावभर पळून सासूबाईंचं अंग कसं छान तापलेलं! आणि गोपाळ तासभर नुसता दात काढत उभा. शिट्टी झाली, सासूबाईंनी पहिला हिसका दिला आणि गोपाळ पोटरी धरून खाली! त्याच्यामागे त्याचे सगळे भाऊ रेषेच्या अलीकडे घसरत आले. साडूंनी आरोळ्या ठोकल्या, बायको टाळ्या पिटू लागली. मला इतका आनंद झाला की मी हिंगासकट खाटेवर उभा राहून नाचलो.

थोड्या वेळाने गोपाळलाही माझ्याच खाटेवर आणून टाकलं. सासूबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग बाटलीकडे. आम्ही दोघांनी मुकाट्याने तोंडं उघडली.

'पोटरीवाले' हे नाव आता गोपाळकडे गेलं. माझी संघातली जागा मात्र पक्की आहे. पुढची अखाजी लांब असतानाच मोठ्या साडूंचा फोन आला.

"कसरतबिसरत काही करू नका. तुमी फक्त टाइमवर पोट धरीसन आडा पडा!"