आवळ्याखालचं विरजण

झाशीच्या नगरा वस्तीत यमुनाबाईंचा खराटा प्रसिद्ध होता. तिथे झाडू काय वाटेल तेवढे मिळतात, पण बाईंना चिपळूणकडचा, माडाच्या हिरांचाच लागे. माहेरचं कुणी आलं की खुशाली मागाहून, आधी "खराटा आणलास ना?" रेल्वेच्या क्वार्टरात होत्या तेव्हापासून त्यांच्या अंगणात पान पडलेलं कुणी पाहिलं नव्हतं. शेजारणी म्हणत, मराठीवाली जी के आँगन में चींटी भी चप्पल उतारकर आती है. बाईंना याचा राग येत नसे. उलट त्या दिवशी अंगण दोनदा झाडून निघे.

त्यांचे यजमान रत्नाकरराव रेल्वेच्या कारखान्यात फिटर. जन्म वंगणात गेला आणि निवृत्ती जवळ आल्यावर या गृहस्थांना मातीचा नाद लागला. मोठ गावाच्या रस्त्याला, डांबरी सोडून आत, त्यांनी जमिनीचा एक तुकडा घेतला. लाल, खडेरी माती, तिकडे राकड म्हणतात ती. पाणी ओतावं तर घटकाभरात पुन्हा कोरडीच. गावातले लोक हसले, यमुनाबाईही हसल्या. रत्नाकररावांनी मात्र शेतीशास्त्रज्ञांच्या शिबिराला जाऊन ऐकून घेतलं, आवळ्याची रोपं रांगांनी लावली आणि रांगांच्या मधल्या पट्ट्यांत तीळ-उडीद पेरले. प्रत्येक खड्ड्यात नाल्याकाठच्या जुन्या मोहाखालची ओंजळभर माती टाकली. बाईंनी विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणाले, विरजण लावतोय. या मातीत डोळ्यांना न दिसणारी वस्ती असते, ती इथे नेऊन सोडायची, मग ती आपली आपण वाढते.

दर रविवारी सकाळच्या बसने जायचे, संध्याकाळी परत. कारखान्यातून येत तेव्हा हातांना डिझेलचा वास येई, आता निराळाच यायला लागला. पाऊस पडल्यावर रस्त्यालाही येतो, तो वास नव्हे. हा दाट, गार, मोड आलेल्या मटकीच्या फडक्यासारखा. स्वयंपाकघरात वास पोचला की यमुनाबाई आतूनच ओरडत, "आधी हात धुवा."

"धुतो गं, जरा थांब," म्हणून रत्नाकरराव व्हरांड्यातल्या खुर्चीत बसत. तळवे मांडीवर उताणे ठेवून, कुणाचं तान्हं मूल सांभाळायला घेतल्यासारखे.

भांडण व्हायचं ते एकाच गोष्टीवरून. माघ-फाल्गुनात आवळा पानं गाळतो. बारीक, कोंड्यासारखी पानं. सगळी जमीन झाकून जाते. यमुनाबाईंच्या माहेरी पातेरा गोळा करून भाताच्या तरव्यावर, रोपांच्या वाफ्यावर, जाळत. भाजावळ म्हणतात. वडलांनी केली, आजोबांनी केली, भात पुरुषभर उंच झाला. तेव्हा ही पानं झाडून पेटवावीत, राख मातीला मिळावी, असं बाईंचं म्हणणं. रत्नाकरराव एरवी बायकोच्या शब्दाबाहेर नव्हते, पण खराटा त्यांनी कधी बसमध्ये चढू दिला नाही. "यमू, तुमच्याकडे वरून आभाळ ओततं. इथल्या मातीला एवढं एकच पांघरूण आहे, ते काढू नको." दरवर्षी कार्तिकात आवळीभोजनाला मात्र ते बाईंना घेऊन जात. बांधाकडच्या शेवटच्या आवळ्याखाली एक पाटिया, सपाट दगडी फरशी, होती, तिच्यावर बसून दोघं पुरणपोळी खात.

एका पौषात, दोन रविवारांच्या मधे, रत्नाकरराव गेले. छातीत कळ आली म्हणाले, आणि डॉक्टर येईपर्यंतही थांबले नाहीत.

पुढच्या रविवारपासून बस यमुनाबाईंनी धरली. मुलगा सुमेध नको म्हणाला, सून मयुरा नको म्हणाली. पण बाईंना घरात बसवेना. त्यांना तो वास हवा होता. जन्मभर ज्याला दारातच अडवलं, तो वास आता खुर्चीला नव्हता, शर्टांना नव्हता. शर्ट तर त्यांनी स्वतःच खसखसून धुतले होते. उरला असला तर शेतात असेल, एवढी त्यांची साधी समजूत. आणि नवऱ्याच्या झाडांची सेवा करायची तर आपल्याला येतं ते करावं, म्हणून खराटाही बसमध्ये चढला. अडवणारा राहिला नव्हता.

त्यांनी मनापासून सेवा केली. दर फाल्गुनात आवळ्यांखाली पान ठेवलं नाही. ढीग लावले, पेटवले, राख हातांनी पसरली आणि "बघा, कसं स्वच्छ झालं," असं गेलेल्या नवऱ्याला ऐकवलं. फक्त बांधाकडच्या त्या पाटियेपाशी खराटा लावायला हात धजावेना. तिथे ते बसायचे. ती जागा विस्कटली तर शेवटची बैठक मोडेल असं वाटे. आवळीभोजनही बंदच झालं. बाई त्या झाडाकडे लांबूनच बघत आणि वळत.

बाकी शेतात त्या वाकून माती उचलत, हुंगत. पहिल्या वर्षी थोडा भास झाला. मग नुसती राख. मग काहीच नाही. माती खापरीसारखी कडक झाली, पाऊस वरच्यावर वाहून जाऊ लागला, गांडूळ दिसेना. आवळे सुपारीएवढे धरत आणि गळत. करायला गेल्या गणपती आणि झाला मारुती, पण मारुती झाला हे त्यांच्या ध्यानात येईल तर शपथ. त्या आणखी स्वच्छ झाडत. उन्हाळ्यात मातीवर रडू पडलं तर तेवढाच ठिपका ओला होई.

यंदा दिवाळीनंतर, बटाईने मधल्या पट्ट्या कसणारा अशोक भैया खाली बघत म्हणाला, "माता जी, जे पेड़न में अब दम नइयां. काट डारो." सुमेधचंही तेच मत पडलं. यमुनाबाई कुणाशी वाद घालत बसल्या नाहीत. झाडं जाणारच असतील तर शेवटचं एक आवळीभोजन रत्नाकररावांच्या जागेवर करायचं, एवढंच त्यांनी ठरवलं.

कार्तिकातल्या नवमीला त्या डबा घेऊन पाटियेपाशी आल्या. पूजेला जागा झाडलेली हवी. खराटा उचलला, पुन्हा ठेवला, आणि बसून हातांनीच पानं बाजूला करायला घेतली. वरची वाळकी होती. त्याखालची दमट, काळसर. त्याखाली पान आणि माती यांत फरकच उरला नव्हता. बोटं सहज आत गेली. गार लागलं. एक गांडूळ अंग चोरून खाली सरकलं. आणि तो वास वर आला.

यमुनाबाईंनी ती माती ओंजळीत घेऊन नाकाशी धरली. जिथे जिथे त्यांची माया पोचली होती तिथे तिथे माती मेली होती. जिथे दुःखापोटी हात लावला नव्हता, तेवढंच जिवंत होतं.

"अहो," त्या म्हणाल्या, "मी दरसाल तुम्हालाच जाळत होते की."

मग पदर खोचला. ही जागा जशीच्या तशी ठेवावी असं जीव तोडून वाटत होतं. त्यांची बैठक, त्यांचा वास, सगळं इथेच, एवढंसं. पण विरजण नुसतंच जपून ठेवलं तर दही कुठून लागणार? बाईंनी पुरणपोळीचा डबा रिकामा केला, त्यात माती भरली आणि पहिल्या आवळ्यापाशी नेली. अशोक भैयाला सांगायलाही थांबल्या नाहीत. दुपारभर खेपा घालत होत्या. प्रत्येक बुंध्याशी ओंजळभर, वर पानांचं पांघरूण. पाटियेखाली थोडी माती मागे राखली. विरजणापुरतं ठेवायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको. झाडं जगतील का, ते मात्र माहीत नव्हतं. निघताना अशोक भैयाला एवढंच म्हणाल्या की कुऱ्हाड यंदा राहू दे. खराटा बांधावरच राहिला.

नगऱ्यात पोचल्या तेव्हा दिवे लागले होते. मयुरा दार उघडून एकदम थबकली. नाकाला काहीतरी ओळखीचं जाणवलं असावं, पण काय ते तिला आठवेना.

"आई, पहले हात धुवून घ्या ना," ती म्हणाली.

यमुनाबाई व्हरांड्यातल्या त्या खुर्चीत बसल्या. तळवे मांडीवर उताणे ठेवले.

"धुते गं," त्या म्हणाल्या. "जरा थांब."