कर्दळीचं फूल आणि समाजशास्त्र

अकरावीला मला चित्रकला हा विषय मिळाला नाही, याला माझ्या घरच्यांचं माझ्यावरचं प्रेम कारणीभूत आहे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही सुरतला भेस्तानमध्ये राहायचो. नाना, म्हणजे माझे वडील, साड्या छापायच्या कारखान्यात कामाला. मला चित्रकार व्हायचं होतं. बडोद्याला चित्रकलेचं मोठं कॉलेज आहे एवढं मला ठाऊक होतं, आणि अकरावी-बारावीला चित्रकला हा विषय असल्याशिवाय तिथे दारातही उभं करत नाहीत, एवढं आमच्या अमळनेरच्या मामाला ठाऊक होतं. (मामा पोस्टात होता. जगातली सगळी माहिती आधी पोस्टातून जाते, अशी माझ्या मायची समजूत.)

आमच्या मराठी शाळेत या विषयाला जागा मोजक्याच. निवड महाले सर स्वतः करायचे. आपल्या हातची पाच चित्रं न्यायची, कुठून बघून उतरवलेली चालणार नाहीत, हा त्यांचा नियम. माझी चार चित्रं अशीतशीच होती. पाचवं होतं कर्दळीचं फूल. मोरीच्या पाण्यावर आमच्या दाराशी कर्दळ माजली होती. दहावीच्या सुट्टीत मी आठ दिवस तिच्यासमोर मांडी ठोकून बसले.

"इतकं काय बघतेस?" माय म्हणायची. "फूल शे का नवरदेव शे?"

पण चित्र जमलं. आजही सांगते, तेवढं एकच जमलं.

नानांना ते इतकं आवडलं की डब्याच्या पिशवीत घालून ते कारखान्यात घेऊन गेले. संध्याकाळी हात हलवत परत.

"चित्र कुठंय?" मी विचारलं.

"डिझाइनवाल्या साहेबांनी ठेवून घेतलं. पोरीच्या हातात जादू आहे म्हणाले."

तीन दिवसांनी चित्र परत आलं. महिन्याभराने मात्र नाना साड्यांचं एक गाठोडंच घेऊन आले. सोडून बघतो तो काय, पदरापासून निऱ्यांपर्यंत माझी कर्दळ! छापताना लाल रंग सरकून पाकळीच्या बोटभर बाहेर गेला होता, म्हणून तो माल बाद ठरला आणि कामगारांच्या पदरात पडला. नानांना त्या बोटाचं काही नव्हतं. ते गल्लीभर सांगत सुटले, "हाई मनी पोरनं फूल शे!"

मीही फुशारले. आपल्याला कोणी विचारलं नाही, चित्राखाली आपलं नाव नाही, असलं काही डोक्यातही आलं नाही. माय तीच साडी नेसायची. शेजारची काकू तीच. आणखी एकीची उशीची खोळ झाली. उठावं तर कर्दळ, झोपावं तर गालाखाली कर्दळ.

आणि मग मायला ती बुद्धी सुचली. पोरीचं काम सरांच्या हातात आहे, तर त्यांच्या बाईंना एखादी साडी नको का द्यायला? (लाच नव्हे हो. ओटी भरायला.) ती मला न सांगता सरांच्या घरी जाऊन नारळ-तांदळासकट साडी देऊन आली.

निवडीच्या दिवशी आम्ही तिघंही शाळेत गेलो. सरांनी चार चित्रं भराभर उलटली. पाचव्यावर हात थांबला. वाटलं, झालं काम, आता बडोदा.

"ही साडी आमच्या घरात आहे," सर म्हणाले.

"हो ना सर," नाना खुशीत म्हणाले, "आम्हीच दिली!"

"म्हणजे हिनं साडीवरून चित्र काढलंय."

"नाही नाही. साडी हिच्या चित्रावरून काढली."

सरांनी चष्मा काढून नानांकडे बघितलं. "एवढा मोठा कारखाना तुमच्या मुलीचं चित्र छापतो?"

"विचारा ना कारखान्यात," नाना म्हणाले. कोणाला विचारायचं ते मात्र त्यांना सांगता येईना. डिझाइनवाले साहेब केव्हाच दुसरीकडे गेले होते.

सर दुष्ट नव्हते. त्यांनी मला कोरा कागद दिला. "तेच फूल काढ. माझ्यासमोर. अर्धा तास."

मी बसले. रेषा बरी येत होती. रंगही भरला. काढून झाल्यावर मलाच वाटलं, पहिल्यासारखं जमलंय. सरांनी कागद उचलला आणि शांतपणे विचारलं, "हा लाल रंग पाकळीच्या बाहेर का गेलाय?"

बघते तर खरंच. बोटभर. सगळ्या पाकळ्यांना, एकाच बाजूला. खरी कर्दळ आठ दिवस बघितली होती, साडीवरची दोन महिने. हातानं जी जास्त पाहिली ती काढून दिली.

मी तोंड उघडणार तेवढ्यात नाना पुढे वाकले. "बघा सर," ते अभिमानाने म्हणाले, "डिट्टो साडीसारखं."

मला समाजशास्त्र मिळालं.

चित्रकलेच्या वर्गाबाहेर पाण्याची टाकी होती. त्या दोन वर्षांत मला जेवढी तहान लागली तेवढी पुढे कधी लागली नाही. ग्लास हातात धरून मी आत बघत राहायची. मुलं कंटाळून सुरई काढत असायची. मला ती सुरईसुद्धा हवी होती. रडू यायचं, मग मी अजून एक ग्लास प्यायची.

बारावी झाल्यावर नाना म्हणाले, "चल, नुसतं बघून तरी येऊ." बडोद्याला गेलो. कॉलेजच्या खिडकीत एक कारकून होता. मी घाबरत सांगितलं, बारावीला चित्रकला नव्हती.

"बारमी पास छो ने?" त्याने विचारलं. "बस. विषय कोई पण चाले." परीक्षा चित्राची, ती इथेच घेतात. या वर्षीचे फॉर्म संपले, पुढच्या वर्षी या.

परतीच्या गाडीत नाना खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाले, "मामाले इचारं, सरले इचारं. कॉलेजलेच नहीं इचारं आपण." त्यांचे डोळे भरले होते. मी समजूत घातली, पुढच्या वर्षी नक्की.

पुढच्या वर्षी नानांनी स्वतः फॉर्म आणला. मी भरला, फोटो चिकटवला, पाकिटावर पत्ताही लिहिला. पोस्टाच्या पेटीपर्यंत दोनदा गेले आणि दोनदा परत आले. तिथे बसवून चित्र काढायला लावलं आणि नाहीच जमलं, तर मग दोष कोणाला देणार? नानांना सांगितलं, बोलावणं आलं नाही. ते आठवडाभर त्या कॉलेजला नावं ठेवत होते.

अजूनही कोणी विचारतं, एवढी आवड होती तर चित्रकलेला का नाही गेलीस? मी उसासा टाकून म्हणते, विषयच मिळाला नाही हो. लोक मनापासून हळहळतात, चहा पाजतात. तीस वर्षं ते कारण मी मोठ्या निगुतीनं जपलं होतं, आणि आज चार लोकांना हसवायच्या नादात तेही घालवून बसले.