‘येतो’ म्हणू नये असं घर

माझे पाय कधी स्वस्थ राहिले नाहीत. आज सत्तरी ओलांडली तरी खुर्चीत बसलो की उजवा पाय हलायला लागतो आणि सून आतून म्हणते, “बाबा, पाय.” लहानपणी आई म्हणायची, “पाय हलवू नको, घरातली लक्ष्मी जाते.” आमच्या घरात लक्ष्मी आलेली मी कधी पाहिली नव्हती. तसं बोलून दाखवलं तेव्हा पाठीत धपाटा बसला.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, आंबेनळीच्या रस्त्याला धरून. तिथं माझ्यासारख्याला तेव्हा दोनच शब्द होते, येडा आणि शिष्ट. दोन्ही मला झोंबायचे, कारण दोन्ही खरे नव्हते. मला माणसं हवी होती. पण समोरच्याच्या डोळ्यांत बघितलं की त्याचं बोलणं ऐकू येईनासं व्हायचं, आणि बोलणं ऐकायचं तर नजर आढ्याला लावावी लागायची. लोक म्हणायचे, ह्याचं लक्ष नाही. लक्ष होतं म्हणूनच तर आढ्याकडे बघत होतो!

आईनं माझ्यावर फार मेहनत घेतली. बाकीच्या पोरांना जे आपोआप येतं ते तिनं मला पाढ्यांसारखं घोकून घेतलं. पाहुणा दारात उभा दिसत असला तरी “आलात काय?” असं विचारायचं. जेवताना पहिल्या आग्रहाला “नको” म्हणायचं, दुसऱ्याला “थोडं”. कुणाच्या घरून निघताना “जातो” म्हणायचं नाही, ते अशुभ. “येतो” म्हणायचं.

ह्या शेवटच्यावरून मी तिच्याशी भांडलो होतो.

“मला परत यायचंच नसेल तर?”

“तरी येतो बोलायचं.”

“म्हणजे खोटं बोलायचं.”

“खोटं नाय रे, रीत हाय ती.”

मग मी रीत पाळली. गिरणीवाल्याला येतो म्हटलं, शिंप्याला म्हटलं, इंजेक्शन टोचणाऱ्या कंपाउंडरलासुद्धा म्हटलं. प्रत्येक वेळी दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं.

एकाच घरी तसं होत नसे. ओढ्यापलीकडच्या वाडीत माझा एकुलता एक मित्र राहायचा. मी तेव्हा विशीत पोचत होतो, तोही माझ्याच वयाचा. घाटरस्त्याच्या कामावर आम्ही दोघं खडी फोडायला जायचो. खडी फोडणारे समोरासमोर बसत नाहीत, उडालेली कपची डोळ्यात जाते. ते शेजारी बसतात, तोंडं एकाच दिशेला करून. असं बसून मला कुणाशीही आयुष्यभर बोलता आलं असतं. तो मुकादमाच्या चालीची नक्कल करायचा, मी हातोडा टाकून हसायचो. एकदा तो म्हणाला, “पाय थांबव रे, खडी घरंगळते.” बाकीचे पाय थांबव म्हणायचे ते त्यांना लाज वाटायची म्हणून. ह्याची खडी खरंच घरंगळत होती. मी लगेच थांबवला.

काम सुटल्यावर मी त्याच्या घरी जायचो. त्याचे वडील ओटीवर दोर वळत बसलेले असत. मला बघून थोडे सरकायचे, बस्स. त्या घरून निघताना मी मोठ्यानं “येतो” म्हणायचो, कारण दुसऱ्या दिवशी मी येणारच असायचो.

शिमगा होऊन आठवडा झाला आणि त्या वडिलांना ताप चढला. महाडला न्यायचं ठरेपर्यंत सगळं आटोपलं.

तिसऱ्या दिवशी मी माझ्या चुलत्याबरोबर भेटायला निघालो. आईनं दारातच उजळणी घेतली. हसू नको. कोण रडलं तर टक लावून बघू नको. माणूस कशानं गेला ते विचारू नको. पाय हलवू नको. तिला सुचलं ते सगळं सांगितलं. एक गोष्ट सांगितली नाही, कारण ती कुणाला सांगावी लागते हेच तिच्या कधी मनात आलं नव्हतं.

ओटीवर दहा-बारा बाप्ये बसले होते आणि कुणीही बोलत नव्हतं. सांगायला लाज वाटते, पण मला तिथं बरं वाटलं. माणसांची बैठक आणि बोलायची सक्ती नाही, असं माझ्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं. मित्र खांबाला टेकून होता. मी त्याच्या शेजारी बसलो, खडीवर बसायचो तसा, एकाच दिशेला तोंड करून. थोड्या वेळानं माझा पाय हलायला लागला. त्यानं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पाय थांबवण्यासाठी नव्हे. पाय हलतच राहिला आणि हातही तिथंच राहिला. मला रडू आलं. त्याचे वडील गेले म्हणजे काय झालं हे मला तेव्हा, त्या हातानं कळलं.

मग एकेक जण उठला. वहाणा पायात सरकवून, न बोलता, मागं न बघता चालू लागला. चुलताही तसाच उतरला. मला त्या सगळ्यांचा राग आला. एरवी मला रीत शिकवणारी माणसं, आणि आज ह्या घराला साधं येतो म्हणत नाहीत? मी पायरीवर वळलो, मित्राकडे बघितलं, चक्क डोळ्यांत बघितलं, आणि खणखणीत आवाजात म्हणालो, “येतो.”

आतलं बायकांचं रडणं एकदम थांबलं. चुलत्यानं माझा दंड धरला आणि ओढा ओलांडेपर्यंत सोडला नाही.

“मेल्या, मयताच्या घरातनं निघताना येतो बोलतात? पुन्हा तसाच यायचा परसंग आणायचा हाय त्यांच्यावर?”

“मग काय म्हणायचं?”

“काय नाय! उठायचं आन् चालायचं!”

“हे मला कुणी सांगितलं नाही.”

“हे काय सांगायला लागतं?”

लागतं. आजही माझं म्हणणं तेच आहे, लागतं.

हे एवढ्यावर निभावलं असतं. पण त्या घरात मित्राचे आजोबा दोन वर्षं अंथरुणाला खिळले होते. ते आज जातील की उद्या, असंच सगळे म्हणायचे. मुलाच्या मागं ते किती दिवस काढणार होते? अठराव्या दिवशी गेले. बोलाफुलाला गाठ पडली म्हणतात तसं झालं, पण पाणवठ्यावर तसं कोण म्हणणार? तिथं एकच बोलणं होतं: “येतो बोलला आन् आणलंन ना मरण!” मी दिसलो की बायका कळशा उचलून बाजूला व्हायच्या.

आता जायचं की नाही? आई म्हणाली, “जा. तोंड लपवलंस तर तूच केलंस असं व्हईल.” चुलता म्हणाला, “तिकडं फिरकू नको, बाया अंगावर येतील.” दोघंही माझ्या भल्याचंच सांगत होते आणि दोघांचं एकदम ऐकता येत नव्हतं. मी निघालो. ओढ्यापर्यंत गेलो, परत आलो. पुन्हा निघालो, पाण्यात घोट्यापर्यंत उभा राहिलो, परत आलो. गेलो तर माझा तो येतो खरा होणार होता, आणि नाही गेलो तर खोटा ठरणार होता. तेरा दिवस मी तो ओढा आणि घाटरस्ता ह्यांच्यामध्ये घिरट्या घातल्या. जेवता जेवता उठायचो. खडीच्या ढिगावर एकटा बसून हातोडा मारायचो. शेजारची जागा रिकामी, तरी तिकडे कपची उडू नये म्हणून जपून मारायचो. शेवटी गेलो नाहीच.

मित्र कामावर परत आला नाही. अक्षय तृतीया झाल्यावर कळलं, त्याच्या मामानं मुंबईला एका गिरणीत त्याची सोय केली आहे आणि तो उद्या सकाळी पोलादपुराहून महाडच्या एस.टी.नं निघणार.

मी उजाडायच्या आत चालायला लागलो. वाटेत तीन वाक्यं तयार केली. माझं चुकलं. मला माहीत नव्हतं. माझ्यावर राग धरू नको. हीच तीन, उतारभर पुन्हा पुन्हा म्हणत गेलो. स्टँडवर तो पत्र्याच्या पेटीवर बसला होता, मामा तिकिटाच्या भानगडीत. मी दहा हातांवर उभा राहिलो आणि तिन्ही वाक्यं विसरलो.

तोच उठून आला. समोर नाही, माझ्या शेजारी येऊन उभा राहिला, रस्त्याकडे तोंड करून.

“आज्याच्या टायमाला का नाय आलास?”

“मी येतो म्हणालो होतो, त्याच्यामुळं…”

“मग यायला नको?” त्याचा आवाज चिरकला. “सगळी आली, येतो न बोलता आली. तू येकटा बोलला होतास. मी ओटीवरनं वाट बघत होतो रे. ओढ्यापाशी येऊन मागं फिरायचास, दिसायचास तिकडनं.”

मी इतके दिवस एका शब्दाला घाबरून हिंडत होतो, आणि ज्याला तो म्हटला त्यानं तो जसाच्या तसा धरला होता. अख्ख्या वाडीत एकट्यानं. मला स्वतःचा इतका राग आला की पाय जमिनीवर ठरेना.

एस.टी. आली. पेटी टपावर चढली. तो खिडकीत बसला, आणि गाडी सुरू झाल्यावर रीतीप्रमाणं म्हणाला, “येतो.”

अशा वेळी “ये” म्हणायचं, हे मला पाठ होतं. पण माझ्या तोंडून निघालं, “कधी?”

मामानं कपाळाला आठ्या घातल्या. मित्र मात्र हसला, मुकादमाची नक्कल करताना हसायचा तसा.

“गणपतीला!” तो खिडकीतून ओरडला. “आमच्याकडं ह्या साली बसवायचा नाय. तुमच्याकडं येतो!”

मी पळतच चढ चढलो. आई चुलीपाशी होती. तिला म्हटलं, “गणपतीत एक पान जास्त मांडायचं.”

“अरे, अजून चार महिने हायेत,” ती म्हणाली.

“असू देत,” मी म्हटलं. “तो येतो म्हणालाय.”