आईची रेघ

आईने काढलेलं एकच चित्र आमच्याकडे होतं, आणि त्यावरून माझं आणि धाकट्या भावाचं चांगलंच बिनसलं. ती गेली पुण्यात, त्याच्या घरी. चित्र काढलं इथे परदेशात, सेंगकांग उपनगरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये. त्याचं म्हणणं, शेवटचं सगळं मी केलं, चित्र मला दे. माझं म्हणणं, काढलं माझ्या टेबलावर. दोघंही पन्नाशीला आलेले, आणि भांडण पाटी-पेन्सिलीच्या वयातलं.

आईला कंपवात होता. पाच महिने ती आमच्याकडे होती, तेव्हा दिवसभर खिडकीशी बसून एलआरटी बघायची, खांबांवरून जाणारी ती दोन डब्यांची गाडी. एका दुपारी तिने आपणहून कागद मागितला. डावीकडून रुळांची लांब रेघ ओढायला पेन्सिल टेकवली, तोच हात थरथरायला लागला. मी पटकन तिचं मनगट धरून रेघ सुरू करून दिली. ऑफिसात दुसऱ्यांच्या अहवालांतल्या चुका काढणं हे माझं काम, आणि ती सवय मी घरीही आणते. आईचं चालणं, घास घेणं, बोलणं, सगळं मी सारखी नीट करत असायचे. ती शांतपणे म्हणाली, “हात सोड गं. माझं मला काढू दे.”

मी सोडला, आणि रागावून स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा रूळ, गाडी, समोरच्या इमारतीच्या खिडक्या आणि काठ्यांवर वाळत घातलेले कपडे, सगळं काढून झालं होतं.

ती गेल्यावर वर्षभराने कळलं की ईस्ट कोस्ट भागात एक वयस्क जपानी बाई आपल्या काँडोतल्या घरी दर शनिवारी लाकडी ठशांची चित्रं शिकवतात. मला वाटलं, बरं झालं, दोन प्रती छापू, एक त्याला, एक मला, भांडण मिटलं. पहिल्या दिवशी बाईंनी आधी शब्द दिले. मी वहीत शेजारी मराठी अर्थ लिहीत गेले. बारेन, म्हणजे कागद पाठीवरून घासायची गोल गादी. बोकाशी, म्हणजे रंग हळूहळू फिका होत नाहीसा होणं. हान्शिता, म्हणजे पातळ कागदावरचं चित्र. ते लाकडी पाटीवर पालथं चिकटवतात आणि त्याच्यासकट लाकूड कोरतात, म्हणजे मूळ चित्र उरतच नाही. हे ऐकून माझा चेहरा पडला असावा. बाई म्हणाल्या की तुम्ही झेरॉक्स आणा. शेवटचा शब्द होरिशी. पूर्वी चित्र एक जण काढायचा, दुसरा कोरायचा, तिसरा छापायचा. मी लिहिलं, ‘होरिशी – कोरणारा’. सगळ्या यादीत मला तोच सोपा वाटला.

रेघ कोरायची म्हणजे तिच्या दोन्ही बाजूंचं लाकूड काढायचं, रेघ उंच राहते. चार महिने मी कोरत होते. पहिली प्रत निघाली तेव्हा बाई ती निरखून म्हणाल्या, फार स्वच्छ आहे. मी ती शाबासकी समजले. ओळखीचे एक जण पुण्याला निघाले होते, त्यांच्याबरोबर भावाची प्रत पाठवली.

त्याचा फोन आला. “ताई, चित्र छान आहे. पण ही आईची रेघ नाही.”

तुला मूळ चित्र हवंय म्हणून खुसपटं काढतोयस, असं मी त्याला सुनावलं. फोन ठेवून मूळ चित्र आणि माझी प्रत शेजारी ठेवली. माझ्या प्रतीत रूळ सरळ होते, खिडक्या चौकोनी होत्या. तिची थरथर कुठेच नव्हती. दर शनिवारी थोडी थोडी करून मी ती तासून टाकली होती, आणि मला पत्ताही नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

पुढच्या शनिवारी मी बाईंना विचारलं, तुम्ही मला थांबवलं का नाही. त्या म्हणाल्या, “मला वाटलं तुम्ही चित्रकार व्हायचं ठरवलंय. होरिशी दुसऱ्याच्या हाताच्या मागून जातो.” मग त्यांनी कपाटातून नवी पाटी काढून दिली.

एक ताजी झेरॉक्स काढली आणि मूळ चित्र भावाला पाठवून दिलं. यात माझा मोठेपणा काही नाही. ते माझ्यापाशी सुरक्षित नाही, असं वाटलं.

दुसरी पाटी फार सावकाश चालली. एक मिलिमीटर जायचं, थांबायचं, वळायचं. माझ्या मुलीने येऊन पाहिलं आणि इथल्या इंग्रजीच्या वळणात म्हणाली, “आजीची ट्रेन सो शेकी, लाह.” मी म्हटलं, हो, तशीच थरथरती होती.

रुळांची रेघ मी शेवटी ठेवली होती. पालथ्या चित्रात तिची सुरुवात उजवीकडे येते. भिंगातून पाहिलं तर पहिली दोन बोटं लांबीची रेघ सरळ होती. मग एक छोटासा हिसका, आणि तिथून पलीकडच्या कडेपर्यंत ती थरथरत गेली होती. पहिल्या वेळी मला वाटलं होतं की तेवढंच आईला नीट जमलंय, म्हणून बाकीचं मी त्याच्यासारखं केलं होतं. पण तो दोन बोटांचा तुकडा आईचा नव्हताच. तेव्हा मनगट मी धरलं होतं. जिथे मी हात सोडला, तिथून पुढे ती सगळी तिची.

हातातली सुरी खाली ठेवून मी रडले. मग डोळे पुसले, आणि तो हिसका होता तसाच कोरला.